आपलं नाव कुणी ठेवलं?



कचराबाई, दगडाबाई, धोंडाबाई, केरूबाई. ही नावं आपल्याला नवी नाहीत. कुणाच्या आजीचं, कुणाच्या चुलतसासूचं नाव असं असतंच. आजच्या शाळकरी मुली ती ऐकून हसतात. पोटच्या लेकराला कुणी कचरा म्हणेल का, असं विचारतात. तर हो, म्हणायचे. आणि जी आई त्या लेकरासाठी रात्र रात्र जागायची, तीच म्हणायची.

आपण कुणाला नावानं हाक मारतो तेव्हा त्या नावामागे एक गोष्ट असते. ते नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं, आशा होती का भीती, माया होती का नाराजी, हे त्या नावात राहून जातं. या लेखात आपण तीच गोष्ट समजून घेऊ. आणि शेवटी एक कामाची गोष्टही बघू, कारण नाव कागदावर नीट नसलं की काय होतं ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे.

लेकरू वाचावं म्हणून वाईट नाव

पूर्वी लस नव्हती, दवाखाना कोसावर होता. देवी, पटकी, हगवण यांत मुलं पटापट जायची. एखादीची दोन-तीन लेकरं ओळीनं गेली की पुढचं जन्मल्यावर आनंदापेक्षा धास्ती जास्त. मग बायका युक्ती करायच्या. बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचं. सुईणीला पसाभर धान्यावर ‘विकायचं’ आणि परत घ्यायचं. आणि नाव ठेवायचं कचरू, केरबा, दगडू, धोंडू. म्हणजे मरणाची नजर पडलीच, तरी त्याला वाटावं की हा दगड आहे, हा केर आहे, याला नेऊन काय करायचं!

या नावांची माणसं मात्र सोन्याची निघाली. बाईच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवणारे महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो केशव. धोंडो म्हणजे धोंडाच. त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यात रझाकारांशी लढलेल्या दगडाबाई शेळके यांचंही नाव असंच.

आणि ही युक्ती फक्त आपली नाही. चीनच्या खेड्यांत मुलाला ‘गोउशेंग’ म्हणायचे, म्हणजे कुत्र्यानं उष्टं टाकलेलं. मंगोलियात ‘नेरगुई’ नाव असतं, त्याचा अर्थ ‘नावच नाही’. दुसरं एक ‘एनेबिश’, म्हणजे ‘हा तो नव्हे’. मरण दारात येऊन विचारेल तर त्याला चुकीचा पत्ता द्यायचा! आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात योरुबा लोक राहतात. लेकरं जगत नसलेल्या घरात ते ‘मालोमो’ असं नाव ठेवतात, म्हणजे ‘आता पुन्हा जाऊ नकोस’. ‘दुरोजाये’ म्हणजे ‘थांब, आयुष्य भोग’. त्या आईची आणि आपल्या कचराबाईच्या आईची कधी भेट झाली नाही, भाषाही एक नाही. दोघींच्या काळजातली गोष्ट मात्र एकच.

आपल्याकडे नथू हे नावही याच कुळातलं. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाक टोचून नथ घालायचे, मुलीसारखा दिसावा म्हणून. मरण मुलीला नेणार नाही, कारण मुलगी कुणाला हवी आहे, असा तो हिशेब. इथं जरा थांबून विचार करा. लेकराला वाचवणाऱ्या या रीतीतसुद्धा मुलगी केर-कचऱ्याच्याच रांगेत बसवली होती.

नकोशी: हे नाव वेगळं

कचराबाई आणि नकोशी ही दोन्ही नावं वरून सारखी वाटतात, पण ती सारखी नाहीत. कचराबाई हे नाव ‘ही आम्हाला हवी आहे, हिला नेऊ नको’ म्हणून ठेवलेलं. नकोशी किंवा नकुसा हे नाव ‘आता मुलगी नको’ म्हणून. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की हे नाव पडायचं. पुढचा तरी मुलगा होईल असा समज. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात हे नाव बरंच होतं.

विचार करा, शाळेत हजेरीला रोज सगळ्या वर्गासमोर ‘नकोशी’ म्हणून हाक यायची आणि त्या मुलीनं ‘हजर’ म्हणायचं. लहानपणापासून रोज.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेनं अशा मुलींसाठी कार्यक्रम घेतला. त्या दिवशी २८५ मुलींची नावं बदलली गेली. नवीन नावाचं प्रमाणपत्र आणि फूल देऊन त्यांचं स्वागत झालं. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं, कुणी मनात कधीपासून ठेवलेलं. त्या नावांपेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या मुलींना कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, ‘तुला काय नाव आवडेल?’

हेही दुखणं एकट्या महाराष्ट्राचं नाही. हरियाणात ‘भतेरी’ नावाच्या बाया असतात, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. राजस्थान आणि मध्य प्रदेशात ‘धापू’, म्हणजे ‘पोट भरलं, आता पुरे’. चीनमध्ये ‘झाओदी’, म्हणजे ‘धाकटा भाऊ घेऊन ये’. कोरियात जुन्या पिढीत ‘मालजा’ नाव असायचं, म्हणजे शेवटची. आता मुली थांबू देत!

अशा घरात सून मात्र बोलणी खाते. म्हणून आरोग्याच्या बैठकीत ऐकलेलं पुन्हा सांगते. मुलगा होणार का मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. बाईकडून येतो तो भाग मुलासाठीही तोच आणि मुलीसाठीही तोच. तेव्हा दोष कुणाचाच नाही, आणि आईचा तर मुळीच नाही. मुलीला नाव कोणतं ठेवलं त्यावर पुढचं मूल ठरत नाही, हे तर सांगायलाच नको.

नदी, तीर्थ, संत आणि वार

आता जरा गोड नावांकडे वळू. आपल्या आज्यांच्या नावांची यादी केली तर अख्खा नकाशा तयार होतो. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, चंद्रभागा, भागीरथी या नद्या. काशी, गया, मथुरा, द्वारका, अयोध्या ही तीर्थं. ज्या बायांना आयुष्यात बाजाराच्या गावापलीकडे जाता आलं नाही, त्यांच्या नावात काशी होती. आईबापाला तीर्थाला जाणं जमायचं नाही, म्हणून तीर्थच घरात आणायचं. दिवसातून दहा वेळा हाक मारली की दहा वेळा पुण्य.

नावं तोंडात घोळून घोळून बदललीही. रुक्मिणीची रखमा झाली, पार्वतीची पारू, सरस्वतीची सरू, द्रौपदीची धुरपदा, यशोदेची येसू, भागीरथीची भागू. जनाबाई, मुक्ताबाई, सखूबाई, बहिणाबाई ही संतांची नावं वारीच्या वाटेनं घराघरात आली. शेवंता, चंपा, जाई ही परसातली फुलं. सोनाबाई, रूपाबाई, हिराबाई ही तर घरात नसलेली श्रीमंती!

आपल्या गटांत मुस्लिम मैत्रिणी आहेत. त्यांची बरीच नावं अरबी आणि फारसी भाषेतली. नूरजहाँ म्हणजे जगाचा उजेड. नसीम म्हणजे झुळूक. गुलशन म्हणजे बाग. साबिरा म्हणजे धीर धरणारी. फातिमा हे पैगंबरांच्या मुलीचं नाव, आणि खदिजा हे त्यांच्या पत्नीचं. या खदिजा स्वतः व्यापार करायच्या, त्यांचा माल काफिल्याबरोबर दूरदेशी जायचा. गटातून धंदा करणाऱ्या बाईला यापेक्षा चांगलं नाव कुठलं!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोक त्यांच्याबरोबर आले. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत नावं बदलली. त्याआधी गावात त्या माणसांना पूर्ण नावानं हाकच मारत नसत, तोडून, तुच्छतेनं मारत. मग सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा अशी नावं आली. सुजाता म्हणजे तपानं क्षीण झालेल्या सिद्धार्थाला खीर देणारी. संघमित्रा ही सम्राट अशोकाची मुलगी, धम्म घेऊन श्रीलंकेला गेलेली. प्रज्ञा म्हणजे शहाणपण. नाव उच्चारतानाच समोरच्याला मान द्यावा लागावा, अशी ही नावं. माणसं पुढे सरकायची ठरवतात तेव्हा नावापासून सुरुवात करतात, ती अशी.

आदिवासी पाड्यांवर जन्माच्या वारावरून नावं ठेवायची जुनी पद्धत आहे. सोमवारी सोमा नाहीतर सोमी, मंगळवारी मंगळू नाहीतर मंगळी, बुधवारी बुध्या नाहीतर बुधी, शुक्रवारी शुक्र्या नाहीतर शुक्री. कुणाला वाटेल ही मागास रीत. तर ऐका. आफ्रिकेतल्या घाना देशात अकान लोकांत प्रत्येक मुलाला वाराचं नाव असतंच. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, मुलगी अफुआ. शनिवारी मुलगा क्वामे, मुलगी आमा. कोफी अन्नान हे १९९७ ते २००६ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते, म्हणजे सगळ्या जगाच्या पंचायतीचे मुख्य कारभारी. आपल्या भाषेत त्यांचं नाव शुक्र्याच!

इंडोनेशियातल्या बाली बेटावर तर कितवं मूल त्यावरून नाव. पहिलं वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं की पुन्हा वायान. ही नावं मुलगा-मुलगी दोघांनाही चालतात. तिथे मुलगी म्हणून पहिलेपणाचा मान हुकत नाही.

तांदळात लिहिलेलं नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, पाठीत धपाटे खाते. म्हणजे आपल्याकडे पहिलं नाव ठेवायचा मान बाईचा. पण ज्या मुलीला आत्यानं नाव दिलं, तिचं लग्न झालं की ते नाव काही घरांत पुसलं जातं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, नवं आडनाव, आणि कधी कधी स्वतःचं नावही नवं.

पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. माहेरी त्यांचं नाव यमुना होतं. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे माहेरी यमुनाच. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी लग्न केलं, त्या गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. इतिहासात या तिघी सासरच्या नावानं राहिल्या. माहेरच्या दोन यमुना आणि एक गोदा कुणाच्या लक्षात नाहीत.

काही जणींना नवीन नाव आवडतं. नव्या आयुष्याची ती गोड खूण वाटते, त्यात चुकीचं काही नाही. कुणाला जुनं नाव सोडताना वाईट वाटतं. प्रश्न एवढाच, की तिला कुणी विचारलं का? लग्नानंतर बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्या देशात कायदा नाही. ही रीत आहे, आणि रीत सगळीकडे सारखी नाही. कोरियात लग्नानंतरही बाईचं आडनाव माहेरचंच राहतं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक बापाकडचं आणि एक आईकडचं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून कायद्यानंच बाईचं जन्माचं नाव कायम राहतं. आपल्याच देशात मेघालयातल्या खासी लोकांत मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात. तिथली घरं काही मोडली नाहीत.

आणखी एक. लग्नात उखाणा घेऊन आपण नवऱ्याचं नाव घेतो, एरवी ते घ्यायचं नाही असं शिकलो. पण आपलं नाव तरी कोण घेतं? आपण अमक्याची आई, तमक्याची सून, थोरली, धाकटी, नाहीतर ‘अगं ए’. पुष्कळ जणींना वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा पूर्ण नावानं हाक आली ती गटाच्या बैठकीत. बचत गटानं पैशाबरोबर हेही दिलं.

आईचं नाव

महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली एक चांगला निर्णय घेतला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नाव कसं लिहायचं ते ठरवून दिलं. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव आता वेगळ्या रकान्यात बाजूला नाही, नावाच्या मध्येच आलं.

काही म्हणतात ही नवी फॅशन. तर नाशिकच्या पांडवलेण्यात जाऊन बघा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्या भागावर सातवाहन राजे राज्य करत. त्यांच्यातला सगळ्यात पराक्रमी राजा गौतमीपुत्र सातकर्णी, म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. राजे आईचं नाव लावत होते आणि ते दगडात कोरून ठेवलं आहे. तिथला एक मोठा लेख तर त्या गौतमी बलश्रीनंच कोरवून घेतला. आईचं नाव लावणं ही आपल्या मातीतली फार जुनी गोष्ट आहे.

कागदावरचं नाव

आता ती कामाची गोष्ट. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात कुणीतरी घाईत लिहिलेलं घरगुती नाव. कुठे गोदावरी, कुठे गोदाबाई, कुठे नुसतं गोदा. बाई एकच, पण कागदावर तिघी. मग कर्जाची केवायसी अडते, योजनेचे पैसे अडकतात, विम्याचा दावा परत येतो. माहेरच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायची वेळ आली की ‘ती तुम्हीच कशावरून’ असं विचारतात. म्हणून एवढं करा:

- सगळे कागद एकत्र काढून ओळीनं मांडा. आधार, रेशन कार्ड, पासबुक, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला. मराठीतलं आणि इंग्रजीतलं स्पेलिंग, दोन्ही एकेक अक्षर जुळवून बघा. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलीला किंवा सीआरपी ताईला जवळ बसवा.
- कोणतं नाव कायम ठेवायचं ते आधी स्वतः ठरवा. मग सगळीकडे तेच करा. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथे घाई नको.
- माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा सगळ्यात पक्का कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नाला किती वर्षं झाली ते बघू नका, काढलं नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा.
- स्वतःचं मूळ नावच बदलायचं असेल, म्हणजे एखाद्या नकोशीला दुसरं नाव घ्यायचं असेल, तर ते राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये प्रसिद्ध करावं लागतं. मग बाकीचे कागद त्यावरून बदलतात.
- घरात बाळ झालं तर २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव मागून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार आहे. दाखला हातात आला की आईचं नाव बरोबर आहे ना ते तिथेच वाचून घ्या.

पुढच्या बैठकीसाठी

हप्ते आणि वसुली झाली की दहा मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं आपलं पूर्ण नाव सांगायचं, माहेरचं आणि सासरचं. नाव कुणी ठेवलं, त्याचा अर्थ काय, ते का ठेवलं, तेही सांगायचं. माहीत नसेल तर आईला, आत्याला फोन करून विचारा. म्हाताऱ्या माणसांबरोबर या गोष्टी जातात, मग कुणाला विचारणार? एखादीला आपलं नाव आवडत नसेल तर तिला काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते विचारा आणि गटात तरी तसंच म्हणा. आणि एखादी कचराबाई असेल तर तिला सांगा, की तिच्या आईनं मरणाशी भांडून तिला ठेवून घेतलं होतं.